दर सुट्टीनंतर काळा पडणारा वेल्ड: आर्गनची गळती शोधताना

गेल्या नोव्हेंबरात नाशिकजवळ अंबडच्या आमच्या शेडमध्ये तीन आठवडे एकच रडगाणं चाललं होतं. साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी मशीन चालू केलं की दोन-अडीच तास आर्गनचं काम, म्हणजे टिग वेल्डिंग, धड व्हायचं नाही. यात टंगस्टनच्या टोकापाशी आर्क धरतात आणि वितळलेल्या रसाभोवती आर्गन सोडून हवा दूर ठेवतात. पत्रा रोजचाच, ३०४ स्टेनलेसचा, दोन मिलिमीटर. फिलर (जोडात भरायची तार) रोजचा, अँपिअर रोजचे. तरी वेल्ड राखेसारखा करडा, मध्येच पिनहोल (सुईएवढं छिद्र) आणि टंगस्टनचं टोक काळंनिळं. दुपारनंतर त्याच मशीनवर तोच माणूस चांदीसारखा जोड मारायचा.

काम होतं दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या टाक्यांचं. वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारीत सुरू होते, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत टाक्या जागेवर उभ्या पाहिजेत. टाकीच्या आतला जोड गुळगुळीत लागतो, नाहीतर खडबडीत जागी गाळ धरतो आणि धुऊन निघत नाही. करडेपणा पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) फासून घालवता येतो. पिनहोल मात्र घासून परत भरावं लागतं.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. गॅसवाल्याला फोन लावला, "बाटली खराब आलीय, बदलून दे." त्यानं बदलून दिली. दुपारी काम छान, आठवडाभर छान. परत सुट्टी, परत काळं, परत फोन. तिसऱ्या खेपेला बाटली उतरवणारा पोरगा म्हणाला, "शेठ, ह्याच गाडीतल्या बाटल्या सातपूरला चार ठिकाणी उतरवल्या. तुमच्याकडंच कशा खराब निघतात?" तेव्हा त्याचा राग आला होता. पण पोराचं खरं होतं. अर्ध्याच्या वर भरलेल्या तीन बाटल्या आम्ही उगाच परत धाडल्या आणि त्यातल्या उरलेल्या गॅसचे पैसे पाण्यात घातले.

बाटली बदलल्यावर काम सुधारत होतं, हे खोटं नव्हतं. म्हणूनच फसायला झालं. सकाळी दोन तास गॅस सोडून, तुकड्यांवर चाचण्या घेऊन, शिव्या घालून झाल्यावर आम्ही फोन करायचो. गाडी यायला अजून तासभर लागायचा. नवी बाटली लागेपर्यंत नळीतून इतका गॅस गेलेला असायचा की दोष आपोआप धुऊन निघायचा. नाव नव्या बाटलीचं व्हायचं.

आधी गॅसचाच दोष आहे का ते बघा

कुठलाही पाना हातात घेण्याआधी एक चाचणी करा. स्टेनलेसचा कोरा तुकडा घ्या, ॲसिटोननं पुसा, टंगस्टन नव्यानं घासून लावा. फिलर न घालता एकाच जागी चार-पाच सेकंद आर्क धरा, रस होऊ द्या, मग आर्क तोडा आणि पोस्ट फ्लो (आर्क तुटल्यावरही काही सेकंद येणारा गॅस) संपेपर्यंत टॉर्च, म्हणजे टंगस्टन बसवलेली हातातली मूठ, तिथंच धरून ठेवा. ठिपका चकचकीत किंवा फिकट सोनेरी निघाला आणि टंगस्टन पांढरंच राहिलं, तर तुमचा गॅस बरा आहे. दोष जॉबमध्ये, फिलरमध्ये किंवा हातात शोधा. ठिपका करडा, सुरकुतलेला, त्यावर साय धरल्यासारखी पापुद्री आणि टंगस्टन जांभळं-काळं असेल, तर मात्र हवा शिरतेय.

हातातला एक दोष जाता जाता सांगतो, कारण तो हुबेहूब गॅसच्या दोषासारखा दिसतो. फिलरची तार रसात बुडवून बाहेर काढताना काही जण ती वीतभर मागे खेचतात. तारेचं लाल टोक गॅसच्या बाहेर गेलं की त्यावर ऑक्साइड चढतं आणि पुढच्या थेंबाबरोबर ते रसात पडतं. टोक टॉर्चच्या तोंडावरच्या सिरॅमिक कपाखालच्या गॅसमध्येच ठेवायचं. चुकून बाहेर गेलंच तर कटरनं तेवढं टोक उडवायचं. आमच्या मिस्त्रींनी एका नव्या पोराला हे सांगायला अख्खा दिवस घालवला होता. तोवर तो पोरगा बाटलीवरच्या रेग्युलेटरला शिव्या देत होता.

टंगस्टनचा रंग नीट बघायला शिका. वेल्ड चांगला आणि टंगस्टन तेवढं काळं, असं असेल तर पोस्ट फ्लो कमी पडतोय. दहा अँपिअरला एक सेकंद हा ढोबळ हिशोब, पण आठ सेकंदांच्या खाली जाऊ नका. वेल्डही काळा आणि टंगस्टनही काळं, तर वेल्डिंग चालू असतानाच हवा मिसळतेय. आणि आर्क लागल्याबरोबर टंगस्टन उदबत्तीसारखं जळायला लागलं, ठिणग्या उडाल्या, तर आधी बाटलीचं लेबल वाचा. ज्या शेडमध्ये मिग (सलग येणाऱ्या तारेचं वेल्डिंग) आणि टिग दोन्ही चालतात तिथं आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाची बाटली चुकून टिगला लागते. रंगावर विसंबू नका, रंग उडालेल्या बाटल्या सगळीकडं फिरतात.

एवढीशी हवा, एवढा मोठा गोंधळ

"थोडं लीक असेल हो, त्यानं काय होतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब. ९९.९९५ टक्के शुद्ध आर्गन म्हणजे दहा लाख भागांत फक्त ५० भाग इतर काही. आता नळीच्या जोडातून गॅसमध्ये एक टक्का हवा मिसळली असं धरा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे दहा लाखांत २,१०० भाग ऑक्सिजन एकट्याच त्या गळतीतून आला. नायट्रोजन वेगळाच. शुद्धतेसाठी मोजलेले पैसे एका ढिल्या क्लिपनं खाल्ले. मग ९९.९९९ ची महागडी बाटली आणूनही फरक पडत नाही, आणि लोक म्हणतात नवा गॅसही भेसळीचाच.

पाण्याची वाफ तर हवेपेक्षा वाईट. आर्कमध्ये ती फुटते, ऑक्सिजन वेल्ड काळा करतो आणि हायड्रोजन रसात विरघळतो. ॲल्युमिनियम थिजताना हा हायड्रोजन बाहेर टाकतं आणि जोडाला जाळी पडते. म्हणून ज्या लाइनवर स्टेनलेस जेमतेम खपून जातं, त्याच लाइनवर ॲल्युमिनियम लावलं की दोष उघडा पडतो.

टॉर्चपासून मागे या

आमची चूक ही झाली की आम्ही बाटलीपासून सुरुवात केली. माझं आता ठाम मत झालंय की शोध टॉर्चच्या टोकापासून सुरू करावा आणि मागे मागे यावं. बाटली सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. बाटली आणि रेग्युलेटरला रोज कोणी हात लावत नाही. टॉर्च दिवसातून वीस वेळा उघडतो, पडतो, तापतो, पायाखाली येतो.

बॅक कॅप काढा. तिच्या आट्यांपाशी छोटी काळी ओ-रिंग असते. बऱ्याचदा ती नसतेच. असली तर तापून कडक, चिरलेली. कोणी म्हणेल, गॅस तर पुढून बाहेर येतो, मागच्या टोपीचा काय संबंध? संबंध असा की टॉर्चच्या डोक्यातून गॅस जोरात पुढे जाताना मागच्या फटीतून हवा आत ओढतो. रेग्युलेटरवर फ्लो बरोबर, साबणाच्या पाण्यात बुडबुडे नाहीत, आणि वेल्ड काळा. ओ-रिंग पाच-दहा रुपयांचा माल आहे. डबीभर आणून ठेवा.

मग कप काढा. सिरॅमिकला केसाएवढी चीर असली तरी बदला. नखानं वाजवून बघा, फुटका कप बद्द वाजतो. कप आणि टॉर्चच्या डोक्यामध्ये पांढरा टेफ्लॉनचा वॉशर असतो, तो जागेवर आहे का बघा. साध्या कॉलेट बॉडीचा (टंगस्टन धरणाऱ्या नळकांड्याचा) वॉशर आणि गॅस लेन्सचा (त्याच्या जागी बसणाऱ्या, गॅस संथ सोडणाऱ्या जाळीच्या भागाचा) वॉशर वेगवेगळा असतो. डब्ल्यूपी-२६ टॉर्चवर गॅस लेन्स चढवून जुनाच वॉशर ठेवला, की कप बसल्यासारखा वाटतो पण मागून फट राहते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दोन दिवस गॅस लेन्स बनावट आहे असं समजून दुकानदाराशी वाद घातला. त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.

गॅस लेन्सची जाळी उजेडाकडं धरून बघा. शितोड्यांनी ती अर्धी बुजली असेल तर गॅस एका अंगानं येतो आणि जोडाची एकच कड काळी पडते. जोडाची नेहमी एकच बाजू खराब होत असेल तर नव्वद टक्के हेच, नाहीतर मग टॉर्च जास्त आडवा धरला जातोय. टॉर्च उभ्यापासून वीस अंशांच्या पुढे कलला की मागच्या बाजूनं हवा आत येते. कॉलेट बॉडी हातानं हलते का तेही बघा, तापून-थंडावून ती ढिली होते.

टॉर्च पाण्यानं थंड होणारा असेल तर आणखी एक जागा आहे. डोक्याच्या आत पाण्याची वाट झिरपली की थेंबभर पाणी गॅसमध्ये येतं. पंप चालू ठेवून, आर्क न लावता, कपाखाली दोन मिनिटं कोरा आरसा धरा. धुकं धरलं तर टॉर्च गेला.

अंगठ्याची चाचणी

टॉर्च नीट बांधला, आता मशीनपासून कपापर्यंतची वाट तपासायची. पोस्ट फ्लो १५ सेकंदांवर न्या. मशीनला गॅस चेकचं बटण असेल तर तेच वापरा, नसेल तर ट्रिगर दाबून लगेच सोडा आणि पोस्ट फ्लो चालू असताना चाचणी करा. ट्रिगर दाबून ठेवून कपाला हात लावू नका, आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी विजेचा झटका बसतो. टंगस्टन आधीच काढून, कोरडा हातमोजा घालून कपाचं तोंड अंगठ्यानं किंवा रबरी बुचानं गच्च दाबा आणि दुसऱ्याला फ्लोमीटरच्या (मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) गोळीकडं बघायला सांगा. वाट बंद झाली की गोळी तळाला बसली पाहिजे. ती दोन-तीन लिटरवर तरंगत राहिली, तर तेवढा गॅस वाटेत कुठंतरी पळतोय. बघताना फ्लोमीटर ओळंब्यात उभा असू द्या. तिरका असेल तर गोळी काचेला घासते आणि आकडा खोटा येतो.

बाटलीपासून मशीनच्या व्हॉल्व्हपर्यंतचा भाग दुसऱ्या तऱ्हेनं बघायचा. बाटली उघडा, फ्लोमीटरचा कान उघडा ठेवा, मशीनला ट्रिगर देऊ नका. लाइन भरली की बाटली बंद करा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं काटा बघा. उतरला तर गळती आहे. मग साबणाचं पाणी घ्या, भांड्याच्या साबणाचा दाट फेस, आणि ब्रशनं प्रत्येक जोडाला लावा: बाटलीचा नट, रेग्युलेटरची शेपटी, नळीच्या दोन्ही क्लिपा, मशीनच्या मागचं निपल. ही चाचणी रात्रभर लावून सकाळी निष्कर्ष काढू नका. नाशिकच्या थंडीत संध्याकाळचे २७ अंश पहाटे १० वर येतात आणि तेवढ्यानं भरलेल्या बाटलीचा दाबाचा काटा १५० बारवरून १४१-१४२ वर दिसतो. गॅस कुठं गेलेला नसतो, फक्त थंड झालेला असतो.

बाटली किती दिवस पुरते याची नोंद ठेवली तरी गळती पकडता येते. सात घनमीटरची बाटली म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला आठ लिटरच्या फ्लोला ८७५ मिनिटं, म्हणजे साडेचौदा तास आर्क. आणि रात्री बाटली उघडी राहिली, मिनिटाला एक लिटरची गळती असली, तर बारा तासांत ७२० लिटर, बाटलीचा दहावा हिस्सा, कोणी एक टाका न मारता गेला. भिंतीवर खडूनं लिहा. आमच्याकडं असं लिहायला लागल्यापासून बाटली बंद करायला कोणी विसरत नाही. खर्च दिसला की हात आपोआप वळतो.

आमचा चोर कुठं होता

आमच्या टॉर्चमध्ये ओ-रिंग खराब निघाली, ती बदलली. सुधारणा झाली, पण सुट्टीनंतरची सकाळ तशीच काळी. मग मिस्त्रींनी एक काम केलं, जे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सुट्टीनंतरच्या सकाळी तीच जुनी बाटली ढकलत मशीनशेजारी आणली आणि दोन मीटरची नवी नळी थेट जोडली. बाकी काही बदललं नाही. पहिलाच ठिपका चकचकीत निघाला. बाटली निर्दोष सुटली.

मग राहिली ती नळी. बाटल्या शटरजवळ उभ्या असतात आणि मशीन आत, म्हणून भिंतीच्या कडेनं बारा मीटरची काळी रबरी नळी टाकलेली होती. कुठल्यातरी साइटवरून उरलेली. मशीनच्या मागच्या निपलवर क्लिपच्या ऐवजी बाइंडिंग वायरचे तीन पीळ होते. कोणी मारले ते अजूनही कोणी कबूल करत नाही. साबण लावल्यावर तिथं अगदी बारीक फेस आला, सेकंदाला एखादा बुडबुडा.

एका बुडबुड्यानं दोन तास वाया जातील का, हा प्रश्न मलाही पडला. घडत होतं ते असं. सुट्टीच्या आधी बाटली बंद व्हायची. त्या बारीक गळतीतून काही तासांत नळीतला दाब उतरून शून्य व्हायचा. मग रात्री नळी थंड झाली की आतला गॅस आकसून बाहेरची हवा आत घ्यायची आणि दिवसा तापली की सोडायची. दोन रात्री नळी असा श्वास घेत बसायची. नोव्हेंबरची थंडी, पहाटेचं दव, शटरखालून येणारी ओल, सगळं आत.

पण नुसती हवा असती तर ती लगेच गेली असती. आठ मिलिमीटर भोकाची बारा मीटर नळी म्हणजे आत जेमतेम ६०० मिलिलिटर जागा. आठ लिटरच्या फ्लोला पाच सेकंदांत ती एकदा धुतली जाते, मिनिटभरात बारा वेळा. हवा निघते. ओल निघत नाही. रबर ओल पिऊन घेतं आणि कोरड्या गॅसमध्ये ती तासन् तास सोडत राहतं. पुढे हेही लक्षात आलं की गळती नसतानाही रबरी नळीच्या भिंतीतून बाहेरची वाफ आत झिरपते. आत दाब जास्त असला तरी झिरपते, कारण आतल्या आर्गनमध्ये वाफ जवळपास नसतेच आणि वाफ आपल्यापुरता दाब बघून जास्तीकडून कमीकडं जाते. सिलिकॉनची नळी याबाबतीत रबरापेक्षाही वाईट, दिसायला कितीही छान असली तरी. पीव्हीसी बरी. टेफ्लॉन सगळ्यात चांगली, पण वळत नाही आणि महाग.

आम्ही बाटलीची जागा बदलून मशीनजवळ साखळीनं बांधली, तीन मीटर चांगली नळी टाकली, दोन्ही टोकांना पक्क्या क्लिपा मारल्या. सुट्टीनंतरच्या सकाळी आता मशीन चालू केलं की आधी दोन मिनिटं गॅस सोडतो आणि मगच आर्क लावतो. ते सकाळचं काळं त्यानंतर आलेलं नाही.

डिसेंबरात एकदा पुन्हा ओरड झाली होती, पण ती वेगळी निघाली. फक्त टाकीच्या बाहेरच्या कोपऱ्याचे जोड काळे, आतले छान. आर्गन हवेपेक्षा जवळपास १.४ पट जड. आतल्या कोपऱ्यात तो वाटीतल्या ताकासारखा थांबतो, बाहेरच्या कोपऱ्यावरून दोन्ही अंगांनी घरंगळून जातो. त्यात शटर उघडं होतं आणि शेजारच्या दुसऱ्या मशीनचा पंखा थेट जॉबवर मारत होता. पोरांना वाटतं वारा म्हणजे वादळ. गालाला झुळूक जाणवली की टिगला ती जास्त झाली. ताशी आठ किलोमीटरचा वारा गॅस उडवायला पुरतो. उभा पंखा बंद, शटर अर्धं, पंखेवालं मशीन तोंड फिरवून ठेवलं. काम झालं.

फ्लो वाढवू नका

वेल्ड काळा दिसला की पहिला हात फ्लोमीटरकडं जातो. आठचे बारा, बाराचे अठरा. कधी कधी थोडं सुधारतं आणि तिथंच घोळ होतो, कारण गळती तशीच राहते आणि आपण तिला खायला जास्त घालतो. एका हद्दीनंतर उलटंच होतं. कपातून गॅस संथ बाहेर पडायला हवा. जोर वाढला की तो भोवऱ्यासारखा फिरतो आणि कडेची हवा स्वतःत ओढून घेतो.

कपावरचा नंबर म्हणजे तोंडाचा व्यास सोळांश इंचात. सहा नंबर म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे १२.७. पाच-सहा नंबरला सहा ते आठ लिटर पुरतात, आठ नंबरला आठ ते बारा. जास्त पसरट संरक्षण हवं असेल तर मोठा कप आणि गॅस लेन्स लावा. लहान कपातून जास्त गॅस ढकलणं म्हणजे बारीक तोटीतून पाणी फवारणं.

जोडाच्या सुरुवातीलाच एक पिनहोल आणि पुढं सगळं ठीक, असा दोष असेल तर तो बहुतेक गॅसच्या धक्क्याचा असतो. ट्रिगर दाबण्याआधी नळीत गॅस दाबून बसलेला असतो, व्हॉल्व्ह उघडला की एकदम उसळतो. प्री फ्लो (आर्कच्या आधी सुटणारा गॅस) एक-दीड सेकंद करा, उसळी निघून जाते. नळी जितकी लांब तितकी उसळी मोठी.

मागची बाजू

टाकीच्या आणि पाइपच्या कामात पुढून चांदी आणि मागून कोळसा, असं होतं. मागचा रस हवेला उघडा पडला की तिथं खडीसाखरेसारखे काळे दाणे धरतात. त्याला मागून आर्गन सोडल्याशिवाय इलाज नाही. ५१ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा सहा मीटर पाइप घेतला तर आत साधारण अकरा लिटर जागा असते. पाच-सहा पट गॅस जाऊ द्यायचा, म्हणजे ६६ लिटर. आठ लिटरच्या फ्लोला आठेक मिनिटं. घाई करणारे दोन मिनिटांत आर्क लावतात आणि मग गॅसला नावं ठेवतात. आर्गन जड म्हणून खालून भरायचा, हवा वरून बाहेर. शेवटचा टाका मारताना मागचा फ्लो कमी करा, नाहीतर दाबानं रस बाहेर फुगतो.

मागचा गॅस त्याच बाटलीतून टी जोडून घेत असाल तर इथं अडकाल. फ्लोमीटरच्या पुढं टी लावली तर गोळीवर दिसणारे दहा लिटर दोन वाटांना वाटले जातात. टॉर्चला किती मिळतात ते कोणालाच कळत नाही, आणि मागची चावी फिरवली की पुढचा वेल्ड काळा होतो. टी फ्लोमीटरच्या आधी घ्या आणि दोन वाटांना दोन फ्लोमीटर लावा.

टाकीच्या आत उतरून काम करणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगतो. आर्गनला वास नाही, रंग नाही, घसा खवखवत नाही. तो टाकीच्या तळाशी साठतो आणि माणूस वाकला की त्याचं नाक त्यातच असतं. ऑक्सिजन फार कमी झाला की दोन-चार श्वासांत माणूस पडतो, गुदमरल्यासारखं वाटतच नाही, त्यामुळं ओरडतही नाही. त्याला काढायला घाईनं उतरलेला दुसराही तिथंच पडतो. आमच्याकडं नियम आहे: आत जाण्याआधी ऑक्सिजन मीटर दोरीनं तळापर्यंत सोडायचा, साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर ब्लोअर लावायचा, आणि मॅनहोलपाशी एक माणूस पूर्ण वेळ बसलेला. त्याला चहालाही उठायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च टाकीत ठेवून वर यायचं नाही, कारण चिकटलेला व्हॉल्व्ह अर्ध्या तासात टाकीचा तळ भरतो. अँपिअरचा, रंगाचा, दाण्याचा दोष दुरुस्त होतो. हा होत नाही.

आणि बाटली खरंच खराब असेल तर

असते कधी कधी. मागच्या गिऱ्हाइकानं बाटली शून्यापर्यंत चालवून व्हॉल्व्ह उघडा टाकला की आत दमट हवा शिरते, आणि भरताना ती नीट काढली गेली नाही तर पुढच्या माणसाच्या वाट्याला येते. आरोप करायच्या आधी तीच बाटली, तेच रेग्युलेटर, छोट्या नव्या नळीनं दुसऱ्या चालू मशीनला लावा. तिथंही ठिपका काळा आला आणि दुसरी बाटली लावल्यावर लगेच चकचकीत झाला, तर मग बिनधास्त फोन करा. ठिपक्याचे दोन्ही तुकडे बाटलीच्या नंबरसकट जपून ठेवा. तुकडे दाखवले की पुरवठादार वाद घालत नाही.

आम्ही आता दाबाचा काटा पाच बारच्या खाली जाऊ देत नाही आणि रिकामी बाटली व्हॉल्व्ह बंद करूनच, टोपी लावून गाडीत चढवतो. परवा तोच पोरगा बाटली उतरवायला आला. खाली ठेवता ठेवता हसत म्हणाला, "शेठ, ही तरी चांगली निघू द्या." मी त्याला चहा पाजला.